पहिली पार्वती, पहिली मोहिनी

मैत्रिणींनो, ही गोष्ट गेल्या डिसेंबरातली. ३ जानेवारीच्या सावित्रीबाई जयंतीसाठी आमच्या महिला मंडळानं अकोल्यात एक छोटं नाटक बसवायला घेतलं होतं. शेजारच्या वस्तीतली एक बारावीची पोर दोन दिवस तालमीला आली. काय आवाज, काय डोळे! तिसऱ्या दिवशी मात्र ती आलीच नाही. तिची आई माझ्या दारात उभी.

"ताई, तुम्हीच सांगा, पोरीच्या जातीनं तोंडाले रंग लावून लोकाइसमोर उभं राहावं काय? उद्या कोनी पोरगी पाहाले आलं, अन् कोनी सांगतलं तं?"

अन् मी, समाजकार्य करते म्हणवणारी बाई, काय म्हणाले माहीत आहे? "बारावीचं वर्ष आहे, राहू द्या यंदा." मला वाटलं, कशाला उगाच दुसऱ्याच्या घरात वाद! पण त्या रात्री झोप लागली नाही. माझं माहेर अमरावतीचं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मला नाटकात घेतलं होतं, तेव्हा बाबाही असंच म्हणाले होते, "राहू दे यंदा." ते 'यंदा' पुन्हा कधी आलंच नाही. खरं तर अमरावती म्हणजे वऱ्हाडातली सिनेमा वितरणाची मोठी पेठ. राजकमल चौकातून जाताना पोस्टरकडे सगळेच माना वळवून पाहायचे. सिनेमाची हौस साऱ्या गावाला, फक्त घरची पोर त्यात नको!

हे काही आजचं नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीसाठी त्यांना बाईच मिळेना. ते अगदी वेश्यावस्तीतही विचारून आले, तिथूनही नकारच. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडं नेसवून तारामती केलं. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम अन् सीता, दोन्ही तेच! रंगभूमीवर बालगंधर्वांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करायच्या. आपल्या वऱ्हाडातल्या दंडारीतही बाईचं सोंग पुरुषच घेत आले. म्हणजे बाई दिसायला हवी, पण बाई नको!

ही कोंडी त्याच वर्षी, १९१३ मध्येच, फुटली. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत अन् मोहिनी झाली त्यांची लेक कमला. भारतीय सिनेमाच्या पडद्यावरच्या या पहिल्या स्त्रिया, मायलेकीच. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मुलगी. त्या काळी अशा बाईला इज्जतीनं पोट भरायला वाटा त्या किती! त्यांनी फिरत्या नाटक कंपनीची वाट धरली. समाजानं नावं ठेवली, वाळीत टाकलं. पण नावं ठेवणाऱ्यांपैकी कोणी त्या लेकराच्या ताटात भाकरी वाढायला आलं नाही. कमला कंपनीच्या बिऱ्हाडातच वाढली अन् अगदी लहानपणीच रंगमंचावर उभी राहिली. मोहिनी झाली तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती.

पुढे नट रघुनाथराव गोखल्यांशी लग्न होऊन ती कमलाबाई गोखले झाली. पण ऐन तरुणपणी कुंकू पुसलं गेलं अन् मुलं लहान. कमलाबाई रडत बसल्या नाहीत. नाटकात उभ्या राहिल्या, पुरुषांच्या भूमिकाही केल्या. पाहा गंमत! ज्या काळात पुरुष बायका होत होते, त्या काळात ही बाई पुरुष होऊन घर चालवत होती. तिन्ही मुलं कलावंत झाली: चंद्रकांत गोखले नट, तर लालजी अन् सूर्यकांत तबलावादक. आपले लाडके विक्रम गोखले हे तिचेच नातू. उतारवयातल्या कमलाबाईंवर रीना मोहन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक माहितीपटही केला.

अन् पडद्यामागच्या सरस्वतीबाई फाळके? त्यांनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडली, साऱ्या कंपनीला जेवू घातलं. पुढच्या पिढीत दुर्गा खोटे दोन मुलांसाठी सिनेमात आल्या. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या अन् १९८३ साली फाळके पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. १९१३ ची तारामती पुरुष, १९३२ ची बाई! मधली वाट बायकांनी एकेक पाऊल टाकत तयार केली. 'कुंकू'वाल्या शांता आपटे तर १९३९ मध्ये हक्कासाठी प्रभात कंपनीच्या दारात उपोषणाला बसल्या. त्यांच्या पुस्तकाचं नावच होतं 'जाऊ मी सिनेमात?'

तो प्रश्न आमच्या वस्तीतली पोर आजही विचारतेच आहे, अन् उत्तर देणाऱ्या आपणच!

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आधी चूक कबूल केली, "काल मी बोलले ते चुकलं." मग चहा पिता पिता दुर्गाबाई-कमलाबाईची गोष्ट सांगितली. माय बराच वेळ चूप होती. मग म्हणाली, "मायलेकी दोघी संगंच होत्या म्हनता? मंग तालमीले मी बी येईन संगं. चालन काय?"

न चालायला काय झालं! पोर नाटकात उभी राहिली अन् माय पहिल्या रांगेत बसून होती. टाळ्या पडल्या तेव्हा तिनं आधी आजूबाजूला पाहिलं, लोक काय म्हणतात ते. मग स्वतःही टाळ्या वाजवल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली पोर उद्या असं काही विचारायला आली, तर 'राहू दे यंदा' म्हणण्याआधी एकदा तिच्यासंगं तालमीला जाऊन बसा.