खेळयंत्राची दांडी आणि आमचे कारागीर

हातात धरून खेळायच्या यंत्रांचा विषय व्यापाराच्या पानावर पाहून काही बुजुर्ग वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील. खेळात मुलांचा वेळ जातो ही तक्रार खरीच आहे. पैसे लावून ऑनलाईन खेळणे तर जुगारच. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्यावर कायद्याने बंदी आणली, हे उत्तम झाले. परंतु आज आम्ही खेळाबद्दल नव्हे, तर यंत्राच्या एका सुट्या भागाबद्दल लिहीत आहोत. देवणी, उदगीर, निलंगा भागातील जी मुले मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर रोजी कमावतात, त्यांच्या हुन्नराशी त्याचा संबंध आहे.

या यंत्रावर अंगठ्याने फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या असतात. त्यांना अॅनालॉग स्टिक म्हणतात. साधे बटण चालू की बंद एवढेच जाणते. दांडी किती कलली तेही सांगते. तिच्या पोटात दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायची कळ याच जातीची. कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ घासत जाते, पट्टी झिजते, आणि मग कोणी हात न लावताही पडद्यावरचा गडी आपोआप चालू लागतो. याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. निन्टेन्डो कंपनीचे स्विच हे यंत्र २०१७ साली आले. त्याच्या दांड्यांबद्दल एवढा गवगवा झाला की २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आणि २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. सोनीच्या प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचा हिशेब आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या मंडळींनी २०२१ मध्ये मांडला. त्यातील दांडी २० लाख फेऱ्यांच्या बोलीची. एका लोकप्रिय खेळात ही मर्यादा सुमारे ४१७ तासांत गाठली जाते. रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाचे हे जेमतेम सात महिने.

साधी दांडी काढायची तर बोर्डावरचे सोल्डरचे १४ टाके उकलावे लागतात. ताव जास्त झाला की तांब्याची रेघ उखडते आणि चांगला बोर्डही जातो. आता कंपन्या थोड्या शहाण्या झाल्या आहेत. व्हॉल्व्हच्या स्टीम डेकमध्ये (२०२२) दांडी वेगळ्या छोट्या बोर्डावर असून तीन स्क्रूंनी बसते. सोनीच्या २०२३ च्या ड्युअलसेन्स एज कंट्रोलरमधील दांडी अख्खी बाहेर ओढता येते. नवी अमेरिकेत सुमारे २० डॉलरला मिळते. गुलिकिट ही कंपनी स्टीम डेकसाठी न घासणारी दांडी विकते. तिच्यात लोहचुंबक आणि सेन्सर असतो, कार्बनची पट्टी नसते. ज्या तत्त्वावर ती चालते ते एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधले आणि सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये वापरलेही होते. इलाज जुना, तरी विकला गेला तो झिजणारा माल. कापडाच्या पेठेत असा माल आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

दांडी सुटी झाली की तिच्या जागी दुसरे काय बसवता येईल, हा खरा प्रश्न आहे. शिलाई मशीनचेच पाहा. कापड दाबून धरणारा फूट एका स्क्रूवर बसतो आणि घरगुती मशीनमध्ये त्याचे माप बहुतेक ठरलेले आहे. म्हणूनच चेन लावायचा, गोट बसवायचा, दुमड घालायचा असे तऱ्हेतऱ्हेचे फूट निघाले आणि लुधियानाच्या लहान लहान कारखान्यांना काम मिळाले. माप उघडे असले की कारागिराला जागा मिळते. खेळयंत्रांत अजून प्रत्येक कंपनीचे माप निराळे आहे. तरीही थ्रस्टमास्टरच्या ईस्वॅप कंट्रोलरमध्ये दांडी काढून छोटे स्टिअरिंग चाक लावता येते आणि अयानिओ ३ या यंत्रात दांडी व बटणांचा पूर्ण ठोकळाच बदलतो. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अपंगांसाठी असा कंट्रोलर काढला की ज्याला जमेल ते बटण वा दांडी बाहेरून जोडावी. ज्याच्या बोटांत जोर नाही त्याच्यासाठी उंच दांडी, एका हाताने खेळणाऱ्यासाठी मोठी मूठ, हे तर थ्री-डी प्रिंटरवर आपल्याकडेही निघेल.

ज्याला शिकायचे आहे त्याने रास्पबेरी पाय पिको या स्वस्त बोर्डापासून सुरुवात करावी. एका दांडीला दोन अॅनालॉग वाटा आणि दाबण्याच्या बटणाची एक साधी वाट लागते. पिकोवर अॅनालॉग वाटा तीनच मोकळ्या आहेत, म्हणून दोन दांड्या जोडायच्या तर वेगळी चिप घ्यावी लागेल. दांडीला वीज ३.३ व्होल्टचीच द्यावी, ५ ची नको. नाहीतर पिको जळेल.

अशी महागडी यंत्रे देवणीच्या बाजारात किती येणार, असे कोणी विचारील. थोडीच येतील. परंतु निन्टेन्डो आणि व्हॉल्व्ह यांचा माल आपल्या देशात बाहेरूनच येतो. तो बिघडला की पुण्या-हैदराबादचे गिऱ्हाईकही चांगला हात शोधते आणि कुरिअर देवणीपर्यंत पोहोचते. शिवाय याच जातीच्या दांड्या फवारणीच्या ड्रोनच्या रिमोटला आणि विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीलाही असतात. तेथे मात्र नवशिक्याने हात घालू नये. खेळात दांडी सरकली तर डाव जातो, खुर्चीत सरकली तर माणूस पडतो.

सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने पोर्टल सुरू केले, त्यात मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स धरलेले आहेत. ते आपल्या दुरुस्तीवाल्यांनी पाहून ठेवावे. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि हैदराबादचे जगदीश मार्केट आहेच. मदिना बाजारात कापड भरायला जाणारे आमचे व्यापारी बंधू एखाद्या मुलाला बरोबर नेतील तर भाडे तेवढेच लागेल. नकली दांडी बसवून अस्सल म्हणून पैसे घेणे हा ऐब लपवणे आहे. गिऱ्हाईकाला जुना भाग परत द्यावा आणि नवा कोणत्या जातीचा ते पावतीवर लिहावे.

भांडवलासाठी व्याजाचे कर्ज काढू नये. गरम हवेची मशीन, मल्टिमीटर, बारीक पेचकस आणि दहा-वीस दांड्या यांवर काम सुरू होते, आणि यातले निम्मे सामान मोबाईलवाल्याकडे असतेच. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत अशी मुदारबत करावी. नफ्याचा हिस्सा आधीच लिहून ठेवावा. तोटा आला आणि त्यात मुलाचा हलगर्जीपणा नसेल, तर पैसा मालकाचा जातो आणि मुलाची मेहनत. आमच्या कापड दुकानदारांपैकी दोघे-तिघे जरी यासाठी तयार झाले, तरी सामान हैदराबादहून एका फेरीत येईल.