प्राग शहरातील प्रेक्षणीय स्थळे

युरोप खंडाचा नकाशा काढा आणि साधारण मधोमध बोट ठेवा. तेथे चेक प्रजासत्ताक नावाचा लहानसा देश आहे. चोहोबाजूंनी जमीन, समुद्र कोठेच नाही. १९९२ सालापर्यंत हा देश व शेजारचा स्लोव्हाकिया मिळून एकच चेकोस्लोव्हाकिया होता, म्हणून वर्गातल्या जुन्या नकाशात तेच नाव सापडेल. आपल्याकडे बाटाचे बूट मिळतात ना, ती कंपनी मूळची याच देशातली बरं का! या देशाची राजधानी प्राग. व्लटावा नदीच्या दोन्ही काठांवर ती वसलेली आहे.

नदीवर चार्ल्स पूल आहे. आधीचा दगडी पूल १३४२ सालच्या महापुरात वाहून गेला. मग चार्ल्स चौथा या राजाने १३५७ साली नव्या पुलाचा पाया घातला. पूल अर्धा किलोमीटरहून थोडा जास्त लांब आहे व त्याला १६ कमानी आहेत. चुना घट्ट धरावा म्हणून राजाने गावोगावहून अंडी मागवली, आणि एका गावाने फुटू नयेत म्हणून ती उकडूनच पाठवली, अशी गोष्ट तेथे सांगतात. खरी की खोटी कोण जाणे, पण पूल साडेसहाशे वर्षे उभा आहे. १८९० च्या पुरात त्याच्या काही कमानी पडल्या, त्या पुन्हा बांधल्या. २००२ साली तर फारच मोठा पूर आला, तरी पूल टिकला. कठड्यांवर ३० पुतळे आहेत. आता पुलावरून गाड्या जात नाहीत, लोक पायीच हिंडतात.

सर्वांत मजेदार वस्तू म्हणजे जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरचे घड्याळ. ते १४१० सालचे आहे आणि अजून चालते. दिवसा दर तासाला त्याच्यासमोर गर्दी होते. आधी एक हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो. मग वरच्या दोन खिडक्या उघडतात व येशू ख्रिस्ताचे बारा शिष्य एकामागून एक दर्शन देऊन जातात. शेवटी कोंबडा आरवतो आणि तासाचे ठोके पडतात.

पण खरी गंमत तबकडीत आहे. मधोमध पृथ्वी आहे, कारण त्या काळी सूर्यच पृथ्वीभोवती फिरतो असे मानत. काट्यावर सोनेरी सूर्य असतो. चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा रुपेरी. तो स्वतःभोवती वळत वळत अमावास्या-पौर्णिमा दाखवतो. एका कड्यावर मेष, वृषभ, मिथुन अशा आपल्याच ओळखीच्या बारा राशी आहेत. बाहेरच्या कड्यावर १ ते २४ आकडे आहेत. जुने चेक लोक सूर्यास्तापासून तास मोजत. सूर्य मावळला की २४ वाजले. म्हणजे २० वाजले असतील तर अंधार पडायला ४ तास राहिले, हे शेतातल्या माणसाला लगेच कळे. सूर्यास्ताची वेळ रोज बदलते, म्हणून ते कडेही वर्षभर थोडे थोडे सरकत असते.

आणखी एक हिशेब करून पहा. त्याच तबकडीवर दिवसाच्या उजेडाचे १२ सारखे भाग दाखवले आहेत. प्रागला जूनमध्ये दिवस सुमारे १६ तासांचा असतो, म्हणजे एक भाग ८० मिनिटांचा. डिसेंबरात दिवस सुमारे ८ तासांचा, तेव्हा एक भाग फक्त ४० मिनिटांचा! आपल्याकडेही पूर्वी घड्याळाऐवजी सूर्योदयापासून घटका मोजत. पंचांगात त्या अजून असतात, घरी आजोबांना विचारा.

असे दुसरे घड्याळ कोठे होऊ नये म्हणून ते करणाऱ्या हनुश नावाच्या कारागिराचे डोळे काढले, असे लोक सांगत आले. पण जुनी कागदपत्रे तपासली तेव्हा घड्याळ मिकुलाश नावाच्या दुसऱ्याच कारागिराने केल्याचे निघाले. तेव्हा डोळ्यांची गोष्ट सोडून द्यावी. १९४५ च्या मे महिन्यात, महायुद्धाच्या अगदी शेवटी, जर्मन सैन्याच्या माऱ्यात घड्याळ जळाले. लाकडी शिष्यांचा कोळसा झाला. लोकांनी ते नवे कोरले व १९४८ साली घड्याळ पुन्हा सुरू केले.

टेकडीवर किल्ला आहे, तो फारच मोठा. आतले सेंट व्हायटस चर्च बांधायला १३४४ साली सुरुवात झाली आणि ते १९२९ साली पुरे झाले. वजाबाकी तुम्हीच करा.

गावात ज्यू लोकांची जुनी वस्ती होती. त्यांच्या दफनभूमीला जागा पुरेना, म्हणून थडग्यांवर माती टाकून वर पुन्हा थडगी केली. दगड अगदी दाटीवाटीने उभे आहेत. शेजारी पिंकस नावाचे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर हिटलरच्या राजवटीत मारल्या गेलेल्या जवळजवळ ८०,000 ज्यू माणसांची नावे हाताने लिहिली आहेत.

तेथेच वरच्या मजल्यावर मुलांची चित्रे लावली आहेत. प्रागपासून साठ-एक किलोमीटरवर टेरेझीन गावात ज्यू कुटुंबांना कोंडून ठेवले होते. त्यांत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकार बाई होत्या. मिळेल त्या कागदावर त्या मुलांना चित्रे काढायला शिकवीत. मुलांनी फुले काढली, फुलपाखरे काढली, आपले सोडून आलेले घर काढले. कोणी कोंडलेल्या खोलीतल्या एकावर एक खाटाही काढल्या. प्रत्येकाने चित्रावर आपले नाव घालावे, असा बाईंचा आग्रह असे.

१९४४ च्या ऑक्टोबरात बाईंना आउश्वित्झला नेऊन मारले. जाण्यापूर्वी त्यांनी सुमारे ४,५०० चित्रे दोन पेट्यांत भरून लपवली होती. युद्ध संपल्यावर पेट्या सापडल्या. चित्रे काढणारी बहुतेक मुले परत आली नाहीत. कोणते फुलपाखरू कोणाचे, ते मात्र कागदावरच्या नावावरून आज वाचता येते.