न दिसणारा आजार : मल्टिपल स्क्लेरोसिसविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

आजार म्हटला की त्याची काहीतरी खूण अंगावर दिसली पाहिजे, मग ते प्लास्टर असो, पट्टी असो वा निदान फणफणलेला ताप असो, अशी आपल्याकडे जनरीत आहे. आणि जिच्यापाशी असा कोणताही पुरावा बहुधा नसतो, त्या मल्टिपल स्क्लेरोसिस ऊर्फ ‘एमएस’ या व्याधीच्या रुग्णांना रोगाच्या जोडीला लोकांच्या अविश्वासाचाही भार वाहावा लागतो. झाँ-मार्तँ शार्को या फ्रेंच वैद्याने १८६८ साली पॅरिसमध्ये या व्याधीचे शास्त्रीय वर्णन केले, त्याला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही छत्रपती संभाजीनगरात काय किंवा अन्यत्र काय, तिच्याविषयीचे समज अद्याप जुन्याच वळणाचे आहेत.

रक्षणासाठी असलेली शरीराची प्रतिकारशक्तीच या व्याधीत मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीची चेता यांतील तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर चालून जाते आणि ते जागोजागी विदीर्ण करते. परिणामी मेंदूचा हुकूम अवयवापर्यंत उशिरा पोहोचतो, अर्धवट पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. पाण्यावर चालणाऱ्या पानचक्कीचे जाते शाबूत असावे, डोंगरातला झराही वाहता असावा, परंतु मधल्या खापरी नळाला चीर गेल्यामुळे चाक मंदावावे, तशीच ही गत आहे.

गैरसमज १ : हा थंड मुलखातल्या गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे तो नसतो.

विषुववृत्तापासून दूरच्या देशांत त्याचे प्रमाण अधिक आहे हे खरे. म्हणून आपण त्यातून मुक्त आहोत असे मात्र नव्हे. मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी करून डॉ. नादिर भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली लाखामागे सुमारे २६ रुग्ण असल्याचे नोंदविले. त्याआधीच, १९८५ साली, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णसाह्याची संस्था स्थापन झाली होती. एमआरआयची सोय जिल्ह्याच्या गावी येईपर्यंत अशा रुग्णाच्या केसपेपरावर ‘मणक्याचा त्रास’ किंवा ‘मानसिक ताण’ असा शेरा पडणे मुळीच अवघड नव्हते. आजार होता, त्याची दप्तरी नोंद नव्हती.

गैरसमज २ : चालताबोलता माणूस, थकव्याचे निव्वळ निमित्त.

या व्याधीतला थकवा रात्रभराच्या झोपेनेही हटत नाही, आणि तो केव्हा गाठील याचा नेम नसतो. सकाळी गुलमंडीच्या बाजारातून भाजीची पिशवी स्वतः घेऊन आलेल्या बाईला दुपारी भरलेला हंडा उचलवत नाही, हे पाहून घरातल्यांना ती कामचुकार वाटते. वस्तुतः तिची दोन्ही रूपे खरी असतात. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते आणि येईल त्या घटकेला टाकी, पिंपे, हंडे भरून घ्यावे लागतात, तेथे तर तिच्या शक्तीची वेळ आणि नळाची वेळ यांचा मेळ बसणे दुर्घटच. त्यातून वैशाखात पारा चाळिशीपलीकडे गेला की दृष्टी अंधूक होते, पाय लटपटतात. देहाची उष्णता वाढली की लक्षणे बळावतात, हे जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० सालीच टिपले होते. ही अवस्था बहुधा तात्पुरती असते. अंग गार झाले की ती ओसरते आणि त्यातून मज्जातंतूंना नवी इजा होत नाही. म्हणून उन्हाळ्यात बाहेरची कामे सकाळी उरकणे, मानेभोवती ओला पंचा ठेवणे, कूलरपाशी बसणे हे लाड नव्हेत, औषधोपचाराइतकीच ती गरजेची तजवीज आहे.

गैरसमज ३ : एमएस म्हणजे आज ना उद्या अंथरूण.

सुमारे ८५ टक्के रुग्णांत रोगाचा आरंभ उठाव आणि उतार अशा क्रमाने होतो. उठावात दिसणे, चालणे वा संवेदना यांत बिघाड होतो आणि पुढे तो पुष्कळ अंशी किंवा पूर्णपणे भरून निघतो. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या औषधाला मान्यता मिळाली आणि रोगाची वाटचाल बदलू शकणाऱ्या औषधांचे युग सुरू झाले. ही औषधे रोग समूळ नाहीसा करीत नाहीत, उठाव कमी करतात. सबब बरे वाटू लागले म्हणून ती परभारे बंद करणे, अथवा कोणी सांगितलेल्या जडीबुटीच्या भरवशावर सोडणे, ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. व्यायामाने रोग वाढतो हा समजही असाच निराधार आहे. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने केलेल्या बेताच्या व्यायामाने बळ आणि तोल टिकण्यास साहाय्यच होते.

गैरसमज ४ : हा रोग लागतो, वंशात उतरतो, अशा मुलीचे लग्न कसे व्हायचे?

व्याधी बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान प्रकट होते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळते, त्यामुळे या प्रश्नाचा जाच मुलींनाच अधिक. ती स्पर्शाने वा सहवासाने मुळीच लागत नाही. एपस्टीन-बार विषाणूचा तिच्याशी निकटचा संबंध असल्याचे २०२२ साली एका मोठ्या अमेरिकी संशोधनात दिसून आले. परंतु बहुतेक सर्वच प्रौढांना हा विषाणू कधी ना कधी गाठून गेलेला असतो आणि एमएस त्यांतल्या फार थोड्यांना होतो. आई किंवा वडील रुग्ण असल्यास मुलाला हा रोग होण्याचा संभव शेकडा दोन-तीन इतकाच. मातृत्वही वर्ज्य नाही : १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातील २५४ स्त्रियांच्या अभ्यासात गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत उठाव घटल्याचे आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते वाढल्याचे दिसले. तेव्हा दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी औषधांविषयी विचारविनिमय करावा, एवढेच पथ्य.

गैरसमज ५ : निदान झाले की नोकरीचा राजीनामा द्यावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नामनिर्देश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करता येत नाही की त्याचा हुद्दा उतरविता येत नाही, असे कलम २० सांगते; काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर करता येतो आणि तपासणी नेमून दिलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत होते. व्यंग वरवर दिसत नाही म्हणून अर्जच न करणारे लोक हक्कावर आपण होऊन पाणी सोडतात.

या सर्व गैरसमजांचे मूळ एकच आहे : जे दिसत नाही ते नाही, असे आपण धरून चालतो. एमएससह जगणारा माणूस रोज उठून हाताशी असलेल्या शक्तीचा हिशेब मांडतो, काही कामे करतो, काही पुढे ढकलतो, आणि एवढ्या संयमाने संसार, नोकरी, शिक्षण सारे चालवितो. त्याला आपली कीव नको असते आणि फुकटचे सल्लेही नको असतात. ‘आज कसे आहे?’ असे विचारावे आणि जे उत्तर येईल त्यावर, डोळ्यांना काही दिसो वा न दिसो, विश्वास ठेवावा, इतकीच वाचकांना विनंती.