जास्वंदीचा चहा प्या, पण गोळी सोडू नका

गेल्या महिन्यात तपासणीला एक मावशी आल्या. वय साठीच्या पुढे, शेतात राबणारं अंग. पाच वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आणि दाब छान आटोक्यात. त्या दिवशी मात्र यंत्रानं 190/110 दाखवलं. दहा मिनिटं बसवून पुन्हा पाहिलं, तरी फरक नाही.

"मावशी, गोळ्या संपल्या का?"

"न्हाई डागदर, बंदच केल्या. पोरानं मोबाईलात दाखिवलं, जासवंदाच्या फुलाचा च्या घेतला की बीपी जातंय. दारात झाड हाय, रोज दोन टाइम घेते की."

मावशींचं नशीब चांगलं, म्हणून त्या चालत दवाखान्यात आल्या. याच आकड्यावर दुसऱ्या कुणाला अर्धांगवायूचा झटका येऊ शकला असता. त्यामुळे हा चहा नेमका काय आहे, तो घरी कसा करायचा आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे एकदा नीट पाहू या.

फूल एक, अभ्यास दुसऱ्याचा

पहिला घोटाळा नावाचा आहे. गणपतीला वाहतो ती लाल जास्वंद म्हणजे 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस'. रक्तदाबावरचे बहुतेक अभ्यास झाले ते तिच्या बहिणीवर, म्हणजे लाल अंबाडीवर. तिचं शास्त्रीय नाव 'हिबिस्कस सबडरिफा'. इंग्रजीत दोघींनाही 'हिबिस्कस'च म्हणतात. भाषांतर करताना एकीचे गुण दुसरीच्या नावावर जमा झाले.

अंबाडी आपल्याला नवी नाही. तिची आंबट भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर आपण खातोच. पूर्वी शेताच्या कडेनं अंबाडीची ओळ असायची आणि तिच्या वाखाचे दोर वळले जायचे. लाल अंबाडीचं फूल फिकट पिवळं, मध्यभागी गर्द तांबडं. ते गळून पडलं की खालचा भाग फुगून लालभडक, मांसल बोंड तयार होतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला ही बोंडं काढणीला येतात. चहासाठी फूल वापरत नाहीत, या बोंडाचं बाहेरचं लाल आवरण वापरतात. इजिप्त आणि सुदानमध्ये याच पेयाला 'कर्कदे' म्हणतात, पश्चिम आफ्रिकेत 'बिसाप', तर मेक्सिकोत 'हामायका'.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तदाब थोडासा वाढलेली, पण औषध चालू नसलेली 65 माणसं त्यात होती. निम्म्यांना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा दिला, बाकीच्यांना तशाच चवीचं आणि रंगाचं दुसरं पेय. चहा घेणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी 7.2 अंकांनी उतरला, दुसऱ्या गटाचा 1.3 अंकांनी. खालच्या दाबात मात्र दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही.

सात अंक कमी नाहीत. पण हिशेब करून पाहा. 142 चे 135 झाले तर आनंदच आहे. 190 मधून सात गेले तरी 183 उरतात. म्हणजे ज्याला गोळीची गरज आहे, त्याची गरज चहा भागवत नाही. शिवाय मावशी पीत होत्या तो चहा अंबाडीचा नव्हताच. दारच्या जास्वंदीवर माणसांमध्ये झालेलं संशोधन फारच तुटपुंजं आहे.

दारच्या जास्वंदीचा चहा

म्हणून काय हा चहा प्यायचाच नाही? जरूर प्या. यात कॅफीन नाही, दूध नाही आणि साखर आपल्या हातात आहे. दिवसभरात चार वेळा होणाऱ्या गोड चहातला एक जरी याने बदलला, तरी फायदाच आहे.

एका कपासाठी एकेरी पाकळ्यांची तीन-चार ताजी लाल फुलं घ्या. हिरवा देठ आणि मधला परागाचा दांडा काढून टाका, पाकळ्या धुऊन घ्या. पाणी उकळलं की गॅस बंद करा, मग पाकळ्या टाका आणि झाकण ठेवा. पाच मिनिटांत पाकळ्या फिक्या पडतात आणि पाणी जांभळट होतं. गाळून त्यात अर्धं लिंबू पिळा. जांभळा रंग क्षणात लालचुटुक होतो. फुलातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबटात लाल दिसतं. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर तेच पाणी निळसर-हिरवट होतं. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा, फक्त तो पेला पिऊ नका.

अंबाडीच्या बोंडांचा चहा

बोंडाला चीर देऊन आतली बियांची गाठ काढा. लाल आवरण धुऊन सावलीत कडकडीत वाळवा. उन्हात रंग उडतो. ओलसर राहिलं तर बुरशी धरते, म्हणून पूर्ण वाळल्यावरच कोरड्या बरणीत भरा. एका कपाला या चुऱ्याचा एक छोटा चमचा पुरतो. उकळत्या पाण्यात घालून पाच-सहा मिनिटं झाकून ठेवा. हा चहा मुळातच आंबट असतो, लिंबाची गरज नाही. यात दूध घातलंत तर ते फाटेल. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. आंबट पदार्थ ॲल्युमिनियम, तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये, हा आजीचा नियम इथंही लागू आहे.

चवीसाठी थंडीत आल्याचा तुकडा, दालचिनी किंवा दोन लवंगा पाण्याबरोबरच उकळा. उन्हाळ्यात पुदिना किंवा बडीशेप घाला आणि माठातल्या पाण्यासारखा गार करून प्या. गवती चहाची दोन पातीही छान लागतात. गोडीसाठी गूळ चालतो, पण मधुमेहींनी हे ध्यानात ठेवावं की रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं गूळ आणि साखर सख्खे भाऊ आहेत.

कुणी जपावं?

फूल कुठून आलं ते आधी पाहा. कपाशीच्या शेताला लागून असलेलं झाड, नर्सरीतून नुकतंच आणलेलं रोप किंवा बाजारातली हाराची फुलं यांवर कीटकनाशक असू शकतं. ती पोटात नकोत. गरोदर आणि बाळाला पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसंच बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांनी हा चहा टाळावा. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. औषध आणि चहा दोन्हींनी मिळून दाब जास्तच उतरला तर उठताना चक्कर येते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी घेऊ नये. प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरावी, म्हणजे आंबटपणानं दात झिजणार नाहीत.

आणि रक्तदाब उतरवायचाच असेल तर कपाच्या शेजारचं ताट पाहा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. लोणचं, पापड, ठेचा आणि फरसाण यांतच तो संपून जातो.

मावशींची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. पंधरा दिवसांनी त्या आल्या तेव्हा दाब 138/86 होता. "मग च्या बंद करू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मावशी, सकाळी गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा दुपारी, मैत्रिणींबरोबर."

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. गोळी बंद केल्यावरही काही दिवस बरंच वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाब मोफत मोजून मिळतो, गोळ्याही मिळतात. मोबाईलवरचा कुठलाही उपाय करून पाहण्याआधी तेवढा आकडा मोजून घ्या.