मानवतावादी कायद्याचे शिक्षण, शालेय

मानवतावादी कायद्याचे शिक्षण, शालेय : सशस्त्र संघर्षात पाळावयाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा आणि त्यांमागील मूल्यांचा माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना करून दिला जाणारा पद्धतशीर परिचय. युद्ध पुकारणे न्याय्य की अन्याय्य, हा या कायद्याचा विषय नव्हे. युद्ध सुरू झाल्यावर जखमी व आजारी सैनिक, युद्धकैदी आणि नागरिक यांना संरक्षण मिळावे व युद्धसाधनांच्या वापरास मर्यादा पडाव्यात, हा त्याचा हेतू होय.

इटलीतील सोल्फेरीनोच्या लढाईत (२४ जून १८५९) जखमी झालेल्यांचे हाल पाहून झां आंरी द्यूनां या स्विस गृहस्थाने स्थानिक लोकांच्या साहाय्याने उभय पक्षांच्या सैनिकांची शुश्रूषा केली. त्याच्या प्रेरणेने १८६३ मध्ये रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि १८६४ मध्ये पहिला जिनीव्हा करार संमत झाला. १२ ऑगस्ट १९४९ चे चार जिनीव्हा करार व १९७७ चे दोन पूरक प्रोटोकॉल हे विद्यमान कायद्याचे प्रमुख आधार आहेत. १९४९ च्या करारांनी या नियमांचा अभ्यास लष्करी आणि शक्य असल्यास नागरी शिक्षणक्रमात समाविष्ट करण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले. ‘शक्य असल्यास’ या सवलतीमुळे शाळांकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले.

शालेय वयातील मुलांचा युद्धाशी प्रत्यक्ष संबंध येतो, ही बाब या शिक्षणाच्या मुळाशी आहे. १९८९ च्या बालहक्क करारानुसार १५ वर्षांखालील मुलांना सैन्यात घेण्यास मनाई आहे; २००० च्या वैकल्पिक प्रोटोकॉलने सक्तीची भरती व लढाईतील प्रत्यक्ष सहभाग यांसाठी ही मर्यादा १८ वर्षांपर्यंत वाढविली. तरीही अनेक संघर्षांत मुलांच्या हाती शस्त्रे दिली गेली आहेत.

रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने एका अमेरिकन शिक्षणसंस्थेच्या सहकार्याने १३ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासक्रम तयार करून २००१ मध्ये प्रसृत केला. मानवी प्रतिष्ठा, युद्धातील मर्यादा, कायद्याचा प्रत्यक्ष वापर, उल्लंघनानंतरचा न्याय आणि युद्धाच्या परिणामांना द्यावयाचा प्रतिसाद, असे त्याचे स्थूलमानाने पाच भाग आहेत. कलमांच्या पाठांतराऐवजी प्रसंगांच्या चर्चेवर त्यात भर असतो. उदा., रुग्णालयाच्या छपरावरून शत्रू गोळीबार करीत असल्यास सैन्याच्या तुकडीने काय करावे, या प्रश्नाला सोपे उत्तर नसते. प्रत्येक पर्यायाचे परिणाम विद्यार्थ्यांनी स्वतः तपासावयाचे असतात. व्हिएटनाममधील मी लाय येथे १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र ग्रामस्थांची हत्या केली. त्या वेळी ह्यू टॉम्पसन या अमेरिकन वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर सैनिक व ग्रामस्थ यांच्या मध्ये उतरवून काहींचे प्राण वाचविले. आज्ञापालन व सदसद्‌विवेक यांतील संघर्ष समजावून देण्यास हा प्रसंग उपयुक्त ठरतो.

भारताने १९५० मध्ये जिनीव्हा करारांस अनुसमर्थन दिले व १९६० मध्ये त्यासंबंधी अधिनियम संमत केला. १९७७ च्या दोन प्रोटोकॉलांत मात्र भारत सहभागी नाही. भारतीय विद्यार्थ्यांना परिचित अशी उदाहरणे महाभारतातही आहेत. भीष्मपर्वात युद्धारंभी उभय पक्षांनी ठरविलेले नियम येतात, तर सौप्तिकपर्वात झोपलेल्या योद्ध्यांचा अश्वत्थाम्याने केलेला संहार येतो. नियम आणि त्यांचा भंग या दोहोंची चर्चा त्यांवरून करता येते.

या शिक्षणावर काही आक्षेप घेतले जातात. नियम शिकविल्याने युद्धालाच मान्यता मिळते, असा एक आक्षेप आहे. तथापि युद्ध टाळण्याचे शिक्षण आणि युद्धातील क्रौर्याला आवर घालण्याचे शिक्षण ही परस्परपूरक आहेत. कायदा वारंवार मोडला जात असता तो शिकवावा कशासाठी, हा दुसरा आक्षेप होय. परंतु नियम माहीत असल्याखेरीज त्याचा भंग ओळखता येत नाही व दाद मागता येत नाही. अधिक बिकट अडचण युद्धग्रस्त प्रदेशांत येते. तेथील विद्यार्थ्यांच्या घरी मृत्यू व विस्थापन घडलेले असते आणि स्वपक्षाने केलेल्या अत्याचारांची चर्चा शिक्षकालाही धोक्याची ठरू शकते. म्हणून प्रथम दूरच्या देशातील वा भूतकाळातील उदाहरणे घेणे आणि शिक्षकांना पूर्वप्रशिक्षण देणे इष्ट ठरते.