पहिलं युकुलेले घेताना

सोप्रानो (सुमारे २१ इंच) आणि कॉन्सर्ट (सुमारे २३ इंच) ही दोन्ही मापं नवशिक्याला चालतात. बोटं जाड असतील तर कॉन्सर्टच घ्यावं. दोन्हींच्या तारा जी-सी-ई-ए अशाच लावतात. पैसे सुरेलपणासाठी मोजा, रंग-नक्षीसाठी नको.

दुकानातच परीक्षा घ्या. मोकळी तार छेडा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. तोच स्वर नेमका वरच्या सप्तकात यायला हवा. फोनवर ट्यूनरचं ॲप असलं की शंका उरत नाही. स्वर चढा किंवा उतरलेला लागला, तर वाद्य कितीही देखणं असो, परत ठेवा. त्यावर शिकणाऱ्याचा कानच बिघडतो. बाराव्या पडद्याशी तार तीन मिलिमीटरहून बरीच उंच असेल तर बोटं लवकर दुखतात. मानेच्या कडेवरून बोट फिरवा, पडद्यांची टोकं टोचता कामा नयेत.

अख्ख्या लाकडाचा हट्ट नको. लॅमिनेटचं वाद्य कोकण-मुंबईच्या दमट हवेत उलट जास्त तग धरतं. नव्या नायलॉनच्या तारा सुरुवातीचे काही दिवस उतरतच राहतात. तो वाद्याचा दोष नव्हे. बेताच्या युकुलेलेवर पुढे चांगल्या तारा चढवल्या, तर थोडक्या खर्चात आवाज खुलतो.