नर्सबाईंच्या डब्यापासून झेडपीच्या सभेपर्यंत

लसीकरणाच्या दिवशी उमरगा तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीत सकाळीच जाऊन बसावं. नर्सबाई येतात त्या खांद्याला लसीचा डबा अडकवूनच. आत चारही बाजूंना बर्फाच्या पट्ट्या, मधोमध प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटल्या. गोवर-रुबेलाची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरलं ते टाकून द्यायचं. म्हणून झाकण काढण्याआधी त्या आशाताईला विचारतात, "किती लेकरं आले गं?" "सात आले, सिस्टर. दोघं राहिले, त्यांची माय रानात गेलीय." एवढं बोलून आशाताई चप्पल पायात सरकवते आणि बांधाच्या दिशेनं निघते.

तो डबा, ती नर्सबाई, डबा जिथून आला ते प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथला लसींचा फ्रिज, हा सगळा कारभार जिल्हा परिषदेचा आहे. आपण झेडपी म्हटलं की शाळा, रस्ते आणि गुत्तेदार आठवतात. पण खेड्यातल्या माणसाच्या जन्मापासूनच्या आरोग्याचा भार ज्या एका निवडून दिलेल्या सभेवर आहे, ती हीच सभा.

तिची मांडणी नीट समजून घेण्यासारखी आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून कारभार सुरू झाला. नाईक समितीनं दोन गोष्टी फार विचारानं सुचवल्या. आमदार-खासदारांना या सभेचं सदस्यत्व द्यायचं नाही, आणि कलेक्टरला बाहेर ठेवून स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायचा. म्हणजे जिल्ह्याच्या विकासाचा निर्णय जिल्ह्यानं याच कामासाठी निवडलेल्या माणसांनी घ्यायचा, आणि अधिकाऱ्यानं तो अमलात आणायचा. उमरग्यासारख्या तालुक्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. ज्यांनी तरुणपणी निजामी अंमल सोसला, त्यांना चौदाच वर्षांत आपल्या गटातून, म्हणजे मतदारसंघातून, माणूस निवडून जिल्ह्याच्या सभेत बसवता आला. विलासराव देशमुखही 1970 च्या दशकात याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्हा परिषदेत सदस्य होते. तेव्हा लातूर वेगळा जिल्हा झालेला नव्हता.

2017 च्या निवडणुकीत या सभेवर 55 सदस्य निवडून आले. एका गटातून जिल्हा परिषदेचा एक सदस्य, आणि त्याच गटाचे दोन गण पाडून पंचायत समितीचे दोन. उमरग्याच्या पंचायत समितीची सभा दर महिन्याला, जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा किमान तीन महिन्यांतून एकदा. मधल्या काळात आरोग्य, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या बसतात. परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे सेसमधले, 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. गावात एखाद्या विधवा बाईच्या ओट्यावर शिलाई मशीन दिसतं किंवा पिठाची गिरणी घरघरते, त्यांच्या मंजुरीचा कागद बऱ्याचदा याच पैशातून निघालेला असतो.

उमरग्यात मात्र एक गुंता आहे, तो बाहेरच्याला लवकर कळत नाही. शहरातलं उपजिल्हा रुग्णालय राज्य सरकारचं, ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. खेड्यांतली आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची, ती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. शहर नगरपरिषदेचं. बाळंतीण उपकेंद्रावरून आरोग्य केंद्रात आणि तिथून उमरग्याला येते, तेव्हा ती दोन वेगळ्या दारांतून जाते. वरच्या दारातलं, म्हणजे रुग्णालयातलं, काही चुकलं तर तिच्या गटाचा सदस्य आपल्या सभेत त्याचा जाब विचारू शकत नाही. उमरग्यात भागलं नाही तर पुढे सोलापूर, लातूर, नाहीतर राज्याची हद्द ओलांडून कलबुर्गी. नियमाप्रमाणे सपाट भागात तीस हजार लोकांमागे एक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र. पण रात्री कळा सुरू झालेल्या बाईला तो आकडा उपयोगाचा नसतो. उपकेंद्राला कुलूप आहे की दिवा, एवढंच तिच्यासाठी खरं.

म्हणूनच मला या संस्थेची खरी ताकद तिच्या निधीत दिसत नाही. निधी बहुतेक राज्याकडून, ठरलेल्या कामासाठी बांधूनच येतो. ताकद आहे ती सभेत. एखादा सदस्य उठून विचारतो, आमच्या केंद्रातला लसीचा फ्रिज किती दिवस बंद होता? तो फ्रिज दोन ते आठ अंशांतच चालला पाहिजे, तापमान दिवसातून दोनदा लिहायचं असतं. मग नोंदवही मागवली जाते, अधिकाऱ्याला उभं राहून सांगावं लागतं, आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात चढतं. पुढच्या सभेत पहिला विषय असतो तो मागचं इतिवृत्त कायम करण्याचा. तिथं ती गोष्ट परत येते. गावातल्या तक्रारीला असा मागोवा दुसऱ्या कुठल्या कचेरीत मिळत नाही.

या सभांना घटनेत स्थान देणारी 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली. तिच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य आहे, महिला-बालविकास आहे, समाजकल्याण आहे. त्यानंतर पाचच महिन्यांनी, 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. भूकंपात उद्ध्वस्त झालेलं, आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं. लातूर आणि उस्मानाबाद मिळून 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. नवं गावठाण म्हणजे नवी अंगणवाडी, नवी शाळा, नवं पाणी, म्हणजे झेडपीचंच काम. कुठलं गाव कुठं बसणार यावर या भागानं जेवढा वाद घातला, तेवढा क्वचितच कुणी घातला असेल.

आणि मग 2022. त्या वर्षी आपली सभा थांबली, आणि तिकडे दूर फिनलंडमध्ये तशीच सभा जन्माला आली. 23 जानेवारीला तिथं एक नवी निवडणूक झाली. तिथं आरोग्य आणि समाजसेवेचं काम आधी नगरपालिकांकडे होतं. ते काढून 21 नव्या प्रदेशांकडे दिलं आणि प्रत्येक प्रदेशाला लोकांनी निवडलेली परिषद दिली. 1 जानेवारी 2023 पासून दवाखाने, वृद्धांची देखभाल, अग्निशमन हे सगळं या परिषदांच्या हाती आलं. त्यांना कर लावण्याचा अधिकार नाही, पैसा बहुतेक सरकारकडूनच येतो. आपल्या झेडपीशी त्यांचं नातं लगेच ओळखू येतं.

तिथं मतदान होऊन दोन महिने होतात न होतात, तोच मार्च 2022 मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा आणि गटरचनेचा प्रश्न न्यायालयात होता, निवडणूक लागली नाही. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, तरी ते वर्ष सभेविनाच सरलं. वित्त आयोगाच्या निधीत जिल्हा परिषदेचा 10 आणि पंचायत समितीचा 10 टक्के वाटा होता. निवडून आलेली सभा नाही म्हणून तोही अडकला.

या काळात नर्सबाई येत राहिल्या, लसी टोचल्या गेल्या. काम करणाऱ्यांनी काम सोडलं नाही, हे मी मनापासून लिहितो. पण मधली ती खुर्ची रिकामी होती. उमरग्याहून नळदुर्ग, तुळजापूर करत धाराशिवला जायचं म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. उपकेंद्राचं गळकं छप्पर घेऊन कोण एवढ्या लांब जाणार? आधी तो माणूस गटाच्या सदस्याच्या ओट्यावर जायचा, चहा पिता पिता सांगायचा, आणि सदस्य एस.टी. नाहीतर जीप धरून ते गाऱ्हाणं सभेत न्यायचा. 2011 च्या कायद्यानं निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. सासूसमोर, गावासमोर जे बोलता येत नाही, ते सांगायला बाईच्या घरी बाई जाऊ लागली. तिच्या चुलीपाशी बसून सांगितलेलं तिच्या वहीत उतरायचं: अमुक उपकेंद्र, रात्री नर्स राहत नाही, क्वार्टरला पाणी नाही.